अभियांत्रिकीचे प्रथम वर्ष : दहा महिन्यांच्या वापरानंतर

प्रवेशाच्या वेळी सगळे शाखेची चौकशी करतात, प्रथम वर्षाची कोणीही करत नाही. संगणक, यंत्र, विद्युत, स्थापत्य यांपैकी कोणतीही शाखा मिळाली तरी पहिली दोन सत्रे बहुतांशी सारखीच असतात. त्यांत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यांत्रिकी, ड्रॉइंग, मूलभूत विद्युत, सी भाषेतील प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप हे विषय येतात. मी संगणक शाखेची असल्याने यांतले निम्मे विषय आपल्या काय कामाचे, असे ऑगस्टमध्ये मलाही वाटत होते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात दोन्ही सत्रे पूर्ण करून, यांत्रिकीत एक केटी (म्हणजे नापास झाल्याने पुन्हा द्यावा लागणारा विषय) घेऊन आणि ती सोडवून झाल्यावर ते मत राहिलेले नाही. अभ्यासक्रम चांगला आहे. तो ज्या पद्धतीने हाती दिला जातो, तिच्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

आधी केटीबद्दल लिहिते, कारण या वर्षात मी जे काही शिकले त्याचा मोठा भाग तिच्यातच आहे. परीक्षेत दोराच्या घर्षणाचे गणित होते. स्थिर खुंटाभोवती दोराचे दोन पूर्ण वेढे, घर्षणांक 0.3, एका टोकाला दिलेला भार, तर दुसऱ्या टोकाला किती ओढ लावली म्हणजे भार धरून ठेवता येईल? सूत्र पाठ होते : दोन्ही टोकांच्या ताणांचे गुणोत्तर म्हणजे ई या संख्येचा घात, आणि तो घात म्हणजे घर्षणांक गुणिले वेढ्यांचा कोन. कोन रेडियनमध्ये घ्यायचा असतो. मी 4 पाय (π) ऐवजी अंशांतले 720 घातले आणि कॅल्क्युलेटरने उत्तरात 10 चा 93 वा घात दाखवला. दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येचा रूढ अंदाजसुद्धा 10 च्या 80 व्या घाताच्या आसपास आहे. मी ते गुणोत्तर शांतपणे उत्तरपत्रिकेत उतरवले, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

फेब्रुवारीत निकाल लागल्यानंतर एका रविवारी मामांबरोबर मिरकरवाडा बंदरावर गेले होते. एक बोट धक्क्याला लागत होती. माझ्याच वयाच्या एका खलाशाने फेकलेला दोर लोखंडी खुंटाला दोन वेढे देऊन घेतला आणि एका हाताने धरून ठेवला. दुसऱ्या हातात त्याचा मोबाइल होता. बोट लाटेबरोबर मागे ओढ घेत होती आणि तो जागचा हलत नव्हता. तेव्हा मी तेच गणित मनात पुन्हा मांडले. दोन वेढ्यांना गुणोत्तर साधारण 43 येते, म्हणजे हाताने 10 किलोची ओढ दिली तर पलीकडची 430 किलोंची ओढ अडते. तिसरा वेढा दिला तर तेच गुणोत्तर 286 होते आणि तोच हात पावणेतीन टनांहून अधिक ओढ अडवू शकतो. खुंट किती जाड आहे याच्याशी या हिशेबाचा संबंधच नाही, हे पुस्तकात एका ओळीत दिलेले होते आणि मी ते कधी वाचलेच नव्हते, कारण मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत तो प्रश्न आलेला नव्हता. मामांना हे सूत्र सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की दोर ओला असेल तर काय धरायचे. घर्षणांक पाहावा लागेल, असे मी म्हणाले. ते तुझ्या पुस्तकात नसेल, असे ते म्हणाले.

ड्रॉइंग हा माझ्या मते प्रथम वर्षातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत वाया जाणारा विषय आहे. आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण वापरतात : वस्तू ही पाहणारा आणि ज्यावर तिचे चित्र उमटते ते प्रतल यांच्यामध्ये असते, म्हणून समोरील दृश्य वर, वरून दिसणारे दृश्य त्याच्या खाली आणि डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढतात. हे समजायला मला सहा आठवडे लागले. छेदित घनांचे प्रकरण तर कपडे धुण्याच्या साबणाने सुटले. साबणाच्या वडीचा षट्कोनी लोलक करून तो विळीवर तिरपा कापला आणि छेदाचा खरा आकार डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कागदावरील रेघांचा अर्थ लागला. आईने तेच तुकडे दुसऱ्या दिवशी वापरले.

कोकणात या विषयाला पावसाची एक वेगळी परीक्षा असते, ती अभ्यासक्रमात नाही. शीट प्लास्टिकच्या नळकांड्यात घालून एसटीने नेली तरी ती ओल धरते. ओल धरलेल्या कागदावर 2एच पेन्सिल रेघ न काढता चर पाडते, आणि तो चर खोडरबराने जात नाही. माझ्या पहिल्या तीन शीट अशा चरांसह सादर झाल्या. चौथ्यापासून मी रात्री शीट चुलीजवळच्या माळ्यावर ठेवू लागले. त्यांना धुराचा वास आला, पण रेघा सरळ आल्या.

तरीही आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक शीट कोणी काढल्याच नाहीत. त्या जीटीने, म्हणजे ग्लास ट्रेसिंगने, तयार झाल्या. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली ट्यूब लावायची, काचेवर कोणाची तरी तपासलेली शीट ठेवून तिच्यावर आपली कोरी शीट पसरायची आणि रेघा गिरवायच्या. मूळ शीटवर चूक असेल तर ती पंचवीस जणांकडे जाते. आमच्याकडे एका शंकूच्या छेदातील चुकलेली रेघ अशीच सगळ्या वसतिगृहात फिरली आणि सर्वांना सही मिळाली. हजेरीसाठी 75 टक्क्यांचा आग्रह धरणारे आणि डिफॉल्टर यादी दारावर लावणारे महाविद्यालय या बाबतीत डोळे मिटून घेते. टर्म वर्कचे, म्हणजे सत्रभरात केलेल्या कामाचे, गुण वेळेत विद्यापीठाकडे पाठवायचे असतात, हे मला कळते. पण शिक्षकांनी प्रत्येक शीटवर एक प्रश्न जरी विचारला असता तरी निम्म्या काचा खिडकीत परत गेल्या असत्या.

श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेबही याला हातभार लावतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांना 160 श्रेयांक आहेत. आठवड्यातील एका तासाच्या व्याख्यानाला एक श्रेयांक मिळतो आणि प्रात्यक्षिकाला तोच मिळण्यासाठी दोन तास द्यावे लागतात. मग वेळ कुठे वाचवायचा, हे विद्यार्थी आपोआप ठरवतो.

वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबने माझे तळहात सोलले. कानशीने पट्टीची कड काटकोनात आणायची, गुण्या लावायचा आणि उजेड दिसला की पुन्हा घासायचे. शुक्रवारी गुळगुळीत केलेली पट्टी सोमवारी तांबूस झालेली असायची. इथल्या खाऱ्या हवेत तेलाचा हात न फिरवता लोखंड ठेवणे ही चूक सर्वजण एकदाच करतात. रसायनशास्त्रातील गंजाचे प्रकरण मला त्यामुळे फार वाचावे लागले नाही. जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर बोटी ओढून वर घेतल्या होत्या, तेव्हा पंख्याजवळ ठोकलेली जस्ताची पट्टी कुरतडल्यासारखी झिजलेली पाहिली. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजते, म्हणून लोखंड वाचावे यासाठी ते मुद्दाम झिजायला लावलेले असते.

गणिताबद्दल तक्रार नाही, कौतुकही नाही. विद्युतला एका सत्रात तीन शिक्षक बदलले, त्यामुळे त्या विषयावर मत देणे मला योग्य वाटत नाही. सी भाषा मात्र ज्यांनी बारावीपर्यंत संगणकाला फारसा हात लावलेला नव्हता त्यांच्यासाठी फार वेगाने शिकवली जाते. आमच्या गावाकडील अनेकजण त्यातच अडखळले. परिषदेने प्रथम वर्षाची पुस्तके मराठीत उपलब्ध केली आहेत, ती अशा वेळी इंग्रजी पुस्तकाशेजारी उघडी ठेवावीत. परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी संकल्पना आधी समजायला हव्यात.

माझा ड्राफ्टर, म्हणजे रेघा आखायचे फळ्याला लावण्याचे साधन, मी गेल्या आठवड्यात गावातील एका मुलाला अर्ध्या किमतीत दिला. त्याच्या वडिलांसमोर त्याला स्क्रूची पकड कशी तपासायची ते दाखवत होते, तेवढ्यात त्याने हळूच विचारले, ताई, तपासलेल्या शीट आहेत का?