आधी फॅक्टरी की आधी चर्चा? पाहुण्या पंतप्रधानांचा दौरा आखायचे तीन पॅटर्न

मॉक समिटसाठी (म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावापुरती भरवलेली नेत्यांची बैठक) परदेशी पंतप्रधानांचं शेड्यूल बनवायला दिलं की आपल्या बडोद्याची मुलं आधी ताजमहाल, डिनर, फोटो भरत सुटतात. माझं म्हणणं एवढंच की आधी मेन चर्चा कुठे नि कितव्या दिवशी ते पक्कं करा, बाकीचं त्याच्या भोवती बसवा. तीन खरे दौरे बघू.

पहिला घरचाच. 28 ऑक्टोबर 2024 ला स्पेनचे पेद्रो सांचेझ इथे आले, मोदींबरोबर रोड शो, मग टाटा-एअरबसच्या सी-295 या लष्करी वाहतूक विमानांच्या फॅक्टरीचं उद्घाटन, मग लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये चर्चा नि जेवण, आणि पाहुणे पुढे मुंबईला. फॅक्टरी एअरपोर्टजवळ, म्हणजे ताफ्याचा वेळ वाचला, आणि बोलायला विषयही समोरच उभा, 56 विमानांपैकी 16 स्पेनमधून तयार यायची होती, 40 इथे बनायची होती. मोदी तर त्याच दिवशी पुढे अमरेलीलाही गेले. पण यजमान स्वतः दिल्ली सोडून यायला तयार असले तरच हे जमतं, शिवाय राष्ट्रपती भवनातलं स्वागत, राजघाट वगैरे सगळं हुकतं. (ऐन दिवाळीच्या आठवड्यात गावाचा ट्रॅफिक अडतो तो कुणाच्याच शेड्यूलमध्ये नसतो, असो.)

दुसरा ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा, एप्रिल 2022. 21 ला अहमदाबाद, साबरमती आश्रम, मग आपल्या शेजारी हालोलला जेसीबीची फॅक्टरी, 22 ला दिल्लीत मानवंदना नि हैदराबाद हाऊसमध्ये चर्चा. प्रोटोकॉलही झाला, फोटोही झाले. धोका मात्र फोटोतच निघाला. आदल्याच दिवशी दिल्लीत जहांगीरपुरीत बांधकामं पाडायला बुलडोझर चालले होते आणि हे साहेब इकडे जेसीबीला लटकून हात हलवतायत, त्यावरून तिकडे ब्रिटनमध्येही टीका झाली. फॅक्टरीची भेट कितीतरी आधी ठरते, बातमी आदल्या रात्री बदलते, म्हणून अशा स्टॉपला एक साधा पर्याय खिशात ठेवायचाच, निदान मशीनवर चढायचं नाही एवढं तरी.

तिसरा कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान त्रुदो यांचा, फेब्रुवारी 2018. आग्रा, अहमदाबाद, मुंबई, अमृतसर, आणि मोदींशी चर्चा थेट 23 तारखेला, 17 ला येऊन! मधले सगळे दिवस मीडियाला त्यांच्या भारतीय कपड्यांशिवाय विषयच नव्हता, त्यात खलिस्तानी प्रकरणात शिक्षा झालेल्या माणसाला डिनरचं आमंत्रण गेल्याचं बाहेर आलं. गेस्ट लिस्ट कोण तपासतं हे शेड्यूल बनवणाऱ्याने विचारलंच पाहिजे, ते काम दुसऱ्याचं म्हणून सोडायचं नाही. हा पॅटर्न मी तरी कुणाला सांगणार नाही.

मग घ्यायचं काय? एकच ठोस काम असेल नि दोनच दिवस असतील तर बडोदा पॅटर्न, माझं मत तिकडेच. पाहुण्यांना पूर्ण सरकारी मान हवा असेल तर जॉन्सनवाला, पण मी तो उलटा लावीन, आधी दिल्ली, मग फॅक्टरी, म्हणजे चर्चेत ठरलेलं काहीतरी तिथे जाहीर करता येतं. नुसता पहिला दिवस उद्घाटनात गेला की पत्रकार दुसऱ्या दिवसाचं विचारत बसतात आणि सांगायला कुणाकडेच काही नसतं.

आणि मिनिट-टू-मिनिट प्रोग्रॅम लिहिताना दोन कार्यक्रमांमध्ये मोकळी वीस-पंचवीस मिनिटं सोडा, ती कुणी मागायला आलं तरी द्यायची नाहीत, कारण रोड शो कधीच वेळेत संपत नाही.