‘नोकरी सांभाळून जीएनएम’ या आश्वासनाखाली सोलापुरात झालेली फसवणूक

सोलापुरात नोकरी करणाऱ्या, घरी लहान मुले असलेल्या आणि बारावीनंतर थांबलेले शिक्षण पुढे नेऊ पाहणाऱ्या स्त्रियांना ‘नोकरी सोडू नका, फक्त रविवारी या आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे परिचारिकेचा अभ्यासक्रम) पूर्ण करा’ असे सांगून त्यांच्याकडून पैसे घेतले जात आहेत. माझ्याकडून असे पैसे घेतले गेले आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रेही अडकवून ठेवली गेली. तक्रार पोलिसांकडे असल्यामुळे त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र तेथे काय बोलले गेले, कोणते कागद दाखवले गेले आणि त्या कागदांचा खरा अर्थ काय होता, हे तपशिलाने लिहीत आहे, कारण हेच बोलणे आणि हेच कागद उद्या दुसऱ्या पाटीखाली दुसऱ्या कोणासमोर ठेवले जातील.

मी एका खासगी रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीवर पूर्णवेळ काम करते. यजमान यंत्रमाग कारखान्यात आहेत, मुलगी पाचवीत आणि मुलगा अंगणवाडीत आहे. सासूबाई घरी विड्या वळतात, त्यामुळे दुपारी मुलांजवळ कोणीतरी असते. रुग्णालयात रोज स्टाफ नर्सचे काम पाहून हे काम आपण शिकावे असे मनाने घेतले होते, आणि नोंदणीकृत परिचारिकेला कोणत्याही शहरात काम मिळते हाही विचार त्यामागे होता. अडचण वेळेची आणि वयाची होती. इंडियन नर्सिंग कौन्सिल या देशातील नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे जीएनएमच्या प्रवेशासाठी कमाल वय ३५ वर्षे आहे आणि मी त्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचले होते.

संस्थेतील माणसाने नेमकी हीच जागा पकडली. सात रस्त्याच्या परिसरातील एका व्यापारी संकुलात त्यांचे कार्यालय होते. तेथील ‘सर’ प्रत्येकीला ‘ताई’ म्हणत, आधी मुलांची चौकशी करत, घरात मदतीला कोण आहे ते विचारत आणि मगच वय विचारत. वय कळले की लगेच सांगत, “ताई, हे वर्ष गेले तर पुन्हा संधी नाही, आणि रोज कॉलेजला जाणे तुम्हाला जमणार नाही हे मला समजते.” नोकरदार आईची अडचण इतक्या आपुलकीने ओळखणारा माणूस समोर बसला की पुढचे बोलणे विश्वासाने ऐकले जाते. त्यांच्या व्यवसायाचा सगळा पाया या विश्वासावर उभा आहे. शिवाय वयाबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट अर्धीच होती. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविकेचा अभ्यासक्रम, झालेल्या उमेदवारांना जीएनएमसाठी वयाची अट लागू नाही, आणि एएनएमची कमाल मर्यादाही ३५ वर्षेच असल्यामुळे माझ्यासारखीला हा मार्ग खुला होता. ही माहिती दिली असती तर मी घाईने पैसे भरण्याचे कारणच उरले नसते, म्हणून ती दिली गेली नाही.

भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे भरपूर होती. एक विश्वस्त संस्थेच्या नोंदणीचे, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे होते, दुसरे उद्यम नोंदणीचे, तर तिसरे आयएसओचे. पाटीवर ‘शासनमान्य’ आणि ‘नोंदणीकृत’ हे शब्द ठळक होते आणि खाली नोंदणी क्रमांकही होता. तो क्रमांक खरा होता, पण तो केवळ न्यासाचा होता. न्यासाची नोंदणी असली म्हणजे नर्सिंग शिकवण्याची परवानगी मिळत नाही. उद्यम नोंदणी लघुउद्योगासाठी आहे आणि ती कोणालाही ऑनलाइन विनामूल्य करता येते. आयएसओ हे कामकाजाच्या दर्जाबद्दलचे प्रमाणपत्र असते, त्याचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काहीही संबंध नाही. चौथ्या प्रमाणपत्रावर ‘राष्ट्रीय’ आणि ‘कौन्सिल’ असे शब्द असलेल्या एका खासगी मंडळाचे नाव होते आणि त्याची मुद्रा सरकारी मुद्रेसारखी दिसेल अशी काढलेली होती. या चार कागदांपैकी एकही खोटा म्हणून पकडता आला नसता, आणि त्यांपैकी एकानेही जीएनएम शिकवता येत नव्हते.

प्रवेश घेतल्यानंतर पहिले काही महिने रविवारी वर्ग भरले. छायाप्रती काढलेल्या नोट्स दिल्या गेल्या, पांढरा ॲप्रन विकत घ्यायला लावला गेला आणि रक्तदाब मोजणे, ड्रेसिंग करणे अशा गोष्टी वरवर शिकवल्या गेल्या. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली काही मुलींना एका छोट्या दवाखान्यात पाठवले जात असे आणि तेथे त्या विनावेतन मदतनीस म्हणून राबत. माझी नोकरी असल्यामुळे मला त्यातूनही ‘सवलत’ देण्यात आली. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी असे सांगितले गेले की प्रवेश प्रत्यक्षात कर्नाटकातील एका कॉलेजात आहे, हजेरी तेथे लागत राहील आणि मी फक्त परीक्षेपुरते तिकडे जायचे. सोलापुरातून विजापूर सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि इकडच्या कितीतरी घरांची नाती सीमेपलीकडे आहेत, त्यामुळे हे बोलणे येथे कोणालाही अशक्य वाटत नाही. शहराच्या पूर्व भागातील माझ्या दोन ओळखीच्या स्त्रियांनी याच बोलण्यावर दागिने गहाण ठेवले.

खरी गोष्ट आमच्या रुग्णालयातील इन्चार्ज सिस्टरांमुळे उघड झाली. त्यांनी मला कॉलेजचे नाव विचारले आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते शोधले. ते नाव यादीत होते. येथेच बहुतेकजणी निर्धास्त होतात, आणि संस्थेने खऱ्या कॉलेजचे नाव वापरण्यामागचा हेतूही हाच असतो. सिस्टरांनी मात्र पुढचे दोन प्रश्न विचारले. पहिला असा की तुझे नाव त्या कॉलेजच्या प्रवेशयादीत आहे का. मी कॉलेजच्या अधिकृत क्रमांकावर दूरध्वनी केला तेव्हा तेथील कार्यालयाने माझ्या नावाचा प्रवेशच नसल्याचे आणि सोलापुरातील त्या संस्थेशी आपला कोणताही करार नसल्याचे सांगितले. दुसरा प्रश्न जास्त गंभीर होता. “अक्का, तुझी सही इथल्या मस्टरवर रोज आहे, पगार आणि पीएफही इथून निघतो. मग त्याच तारखांना तू तिकडच्या वॉर्डात हजर होतीस असे रजिस्टर कोणी दाखवले, तर खोटे कागद कोणाच्या नावावर निघतील?”

हा मुद्दा मी सर्वांना आग्रहाने सांगू इच्छिते. उद्या कोणी खरोखरच कॉलेजच्या यादीत तुमचे नाव घालून दिले आणि हजेरी लावून दिली, तरी धोका कमी होत नाही, उलट वाढतो. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगला परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी पूर्णच भरावे लागतात. वॉर्ड, लेबर रूम, शस्त्रक्रियागृह आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे प्रत्यक्ष उभे राहूनच ते भरतात. जो माणूस ‘हजेरीचे आम्ही बघतो’ असे म्हणतो, तो तुमच्या नावाने खोटा दस्तऐवज तयार करण्याची तयारी दाखवत असतो. पैसे घेऊन तो मोकळा होतो, आणि पुढे पडताळणीत ते उघड झाले की नोकरी व नोंदणी जाते ती त्या प्रमाणपत्रावर जिचे नाव आहे तिची.

आणि केवळ नोकरीचाच प्रश्न नाही. आमच्या अतिदक्षता विभागात पोटॅशियम क्लोराइडची बाटली वेगळ्या जागी ठेवतात, कारण ते द्रावणात मिसळून सावकाशच द्यायचे असते. थेट शिरेत दिले तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकते. इन्सुलिनचे युनिट मोजताना दशांशाची चूक झाली तरी जीव धोक्यात येतो. हे छायाप्रतीवर वाचून हाताला येत नाही. रविवारच्या वर्गातून बाहेर पडलेली एखादी मुलगी कोणत्यातरी छोट्या दवाखान्यात रात्रपाळीला एकटी असेल आणि समोर कोणाची तरी आई झोपलेली असेल, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा, हे या प्रकरणात शिकायला मिळाले. महाराष्ट्रात एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. नर्सिंगची पदवी बहुतेक कॉलेजांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि ती झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी विचारायचे ते एवढेच, की अंतिम परीक्षा कोणते मंडळ किंवा विद्यापीठ घेणार, नोंदणी कोणत्या परिषदेत होणार, आणि संस्थेशी जोडलेले रुग्णालय कोणते व किती खाटांचे आहे. जीएनएमच्या संस्थेला १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते, त्यामुळे दोन खोल्यांच्या कार्यालयात जीएनएम चालत असेल तर तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळणारच नाही. मला दिलेल्या उत्तरात ‘आपली स्वतःची कौन्सिल आहे’ असे वाक्य होते. असे वाक्य कानावर पडले की तेथून उठावे.

नोकरी आणि मुले सांभाळून काय शक्य आहे, याचे प्रामाणिक उत्तर कडू असले तरी स्पष्ट आहे. एएनएम २ वर्षांचे, जीएनएम ३ वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे असून तिन्ही पूर्णवेळ आहेत. पोस्ट बेसिक बी.एस्सी. २ वर्षांचे आहे, पण ते आधीच जीएनएम होऊन नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी आहे. बारावी झालेल्या स्त्रीला कोणी तो अभ्यासक्रम देऊ करत असेल तर तेथेही काळजी घ्यावी. बी.एस्सी.ला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, शिवाय राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएमला इंग्रजीसह बारावी आणि किमान ४० टक्के गुण लागतात, त्यामुळे कला शाखेतील स्त्रियांनाही मार्ग बंद नाही. रुग्णसेवा सहायक किंवा जनरल ड्युटी असिस्टंट असे काही महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत आणि ते त्यांच्या जागी उपयुक्त आहेत, पण त्यातून परिचारिकेची नोंदणी मिळत नाही. ते ‘नर्सिंग’ म्हणून विकले जात असतील तर ती फसवणूकच आहे.

आम्ही घरी बसून हा हिशेब पुन्हा मांडला. पगार थांबला तर घरभाडे आणि मुलीची फी कशी भागवायची, धाकटा शाळेत जाऊ लागेपर्यंत थांबायचे का, शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार आहे का, सासूबाईंची तब्येत दोन वर्षे साथ देईल का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही संस्थेच्या माहितीपत्रकात नसतात. ती घरातच शोधावी लागतात, आणि ती सापडण्याआधी पहिला हप्ता भरायचा नसतो. एएनएमला अर्ज करायचा आणि तोवर नोकरी सोडायची नाही, असा आमचा निर्णय झाला आहे.

पैशांबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. मला मिळालेल्या पावत्यांवर अभ्यासक्रमाचे नाव नव्हते, ‘संस्थेस ऐच्छिक देणगी’ एवढेच लिहिलेले होते; पैसे परत मागितले तेव्हा देणगी परत मिळत नाही असे उत्तर याच पावतीच्या आधारे दिले गेले. यूपीआयने दिलेला एक हप्ता संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर गेला होता, आणि तक्रार करताना हाच व्यवहार सर्वांत उपयोगी ठरला. व्हॉट्सॲपवर आलेले ‘जीएनएम प्रवेश निश्चित’ हे संदेश, जाहिरातीचे पत्रक आणि वर्गातील नोट्स आम्ही जपून ठेवल्या होत्या. तेथे फसलेल्या आम्ही चौघींनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ खाली येतो. अर्ज दिल्यानंतर माझी मूळ प्रमाणपत्रे आणि रकमेचा काही भाग परत आला. उरलेल्या रकमेसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याबाबत वकिलांशी बोलत आहोत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवावे, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी खाते गोठवण्याची शक्यता अधिक.

ज्यांची मूळ प्रमाणपत्रे अजून अशा कार्यालयात आहेत, त्यांनी ती सोडवण्यासाठी ‘प्रवेश रद्द शुल्क’ म्हणून आणखी पैसे देऊ नयेत. आधी लेखी मागणी करून तिची पोच घ्यावी आणि पोलीस अर्जात त्या कागदांचा स्वतंत्र उल्लेख करावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची दुय्यम प्रत राज्य मंडळाकडून मिळते. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो आणि त्यासाठीचा अर्ज आपल्या जुन्या शाळेमार्फत करता येतो. माझ्या एका सोबतीणीने याच मार्गाने दुय्यम प्रत मिळवली आणि मूळ प्रती संस्थेच्या कपाटात असतानाच यंदा एएनएमचा अर्ज भरला.