शंभर शब्दकोड्यांचा संग्रह : आठ महिने सोडवल्यानंतर

आठ महिन्यांत शंभरपैकी ८३ कोडी पूर्ण झाली. संग्रह चांगला आहे, जरूर घ्यावा. मात्र विदर्भातल्या खेड्यात बसून सोडवणाऱ्याला अवघड शब्द फारसे अडवत नाहीत, अडवतात ते रोजचे शब्द.

'पेरणीआधी माती भुसभुशीत करणारे अवजार (३)' अशी सूचना दिसली की आपण थेट 'वखर' लिहितो. उत्तर निघते 'कुळव'. 'उभ्या पिकातले तण काढणारे अवजार (३)' म्हणजे आपला डवरा, उत्तरात कोळपे. 'कापसाचे झाड (३)' आपल्याकडे पऱ्हाटी, उत्तरात कपाशी. सगळ्या जोड्यांत अक्षरे तीन-तीनच, त्यामुळे शब्द चपखल बसतो आणि चूक कळते ती दोन-तीन उभे शब्द अडल्यावर. सांभाराचे (आपल्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) तसे होत नाही. तीन अक्षरे चार चौकटींत मावत नाहीत, मग कोथिंबीर आपसूक आठवते. म्हणून शेती, भाजीपाला, स्वयंपाकघर यांवरचा शब्द आधी फिकट लिहावा आणि त्याला छेदणारा निदान एक शब्द पक्का झाल्यावरच गडद करावा. वखर काय अन् डवरा काय, दोन्ही अस्सल मराठी शब्द आहेत; रचनाकाराने कधीतरी तेही उत्तरात घ्यावेत, ही मनापासूनची मागणी.

संस्कृत प्रतिशब्द भरपूर आहेत, पण ते पाठ करत बसू नये. त्यांची घडण ओळखावी. पाण्याला 'ज' लावला की कमळ (जलज, नीरज, अंबुज), 'द' लावला की ढग (जलद, नीरद, अंबुद), 'धी' लावला की समुद्र (जलधी, अंबुधी). 'कमळ (३)' आले की तिसऱ्या चौकटीत आधी 'ज' लिहून पुढे जावे. पंकज आणि सरोजही त्यातच बसतात. 'राजीव' मात्र दगा देतो, तेव्हा हा 'ज' फिकटच असू द्या. दोन अक्षरी सूर्याला ही युक्ती चालत नाही : रवी, भानू, अर्क, मित्र, सगळेच दोन अक्षरी. तिथे छेदणाऱ्या शब्दाची वाट पाहावी.

नव्याने सोडवणारे मोजणीत चुकतात. जोडाक्षराला एकच चौकट. 'अर्क' म्हणजे अ आणि र्क, 'पऱ्हाटी' म्हणजे प, ऱ्हा, टी. अनुस्वार आपल्या अक्षराबरोबरच राहतो.

खरी तक्रार ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ च्या शासनमान्य नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'रवी'. पण त्याच चौकटीतून उभा 'विहीर' सुरू होतो. एका चौकटीत वी आणि वि दोन्ही कसे मावणार? संग्रहात दोन्ही एकच धरले आहेत, पण तसे कुठेही सांगितलेले नाही. 'दिन' आणि 'दीन' यांत त्यामुळे फसगत होते. पहिल्या पानावर एक ओळ छापली असती तर पुरे होते. तोवर वेलांटीवर अडून बसू नये, व्यंजन जुळले की पुढे जावे.

कागद वर्तमानपत्राचा आहे. बॉलपेन पाठीमागे उमटते, एचबी पेन्सिल टोकदार केली की कागद टोचते. २बी पेन्सिल आणि मऊ रबर सगळ्यात बरे. पावसाळ्यात कागद सर्दावतो, तेव्हा खोडू नका, पान फाटते. चुकीच्या अक्षरावर बारीक रेघ मारून कोपऱ्यात नवे अक्षर लिहा.

आपल्या भागावरच्या सूचना मोजक्याच आहेत, पण बरोबर आहेत : गाडगेबाबांचे जन्मगाव (४) शेंडगाव, वर्ध्याजवळचा गांधीजींचा आश्रम (४) सेवाग्राम. 'विनोबांचा आश्रम (४)' म्हणजे पवनार. याचा 'व' आणि सेवाग्रामचा 'वा' दोन्ही दुसऱ्या चौकटीत येतात, तेव्हा नुसते 'आश्रम (४)' असेल तर पहिले अक्षर मिळेपर्यंत थांबा.

उत्तरे शेवटच्या १२ पानांवर आहेत, पण छपाई इतकी बारीक की संध्याकाळी मिणमिणत्या बल्बखाली वाचता येत नाहीत. ती पाने दिवसा उजेडात मोबाइलने फोटो काढून ठेवावीत.