चालू पण गंजलेली, की शाबूत पण इंजिन जाम?

वर्षानुवर्षं पडून राहिलेली एमजीबी रोडस्टर (१९६२ ते १९८० मधली उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेताना बहुतेक जण इथेच अडकतात.

खर्चात गंज भारी पडतो. उघड्या गाडीचा मोठा भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे बॉडीच्या लांब पोकळ कडेवर, असतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा रॉड वेल्ड करून आधार दिला नाही, तर बॉडी मधून खचते आणि दारं नीट बसत नाहीत. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवर फिरवा. चिकटलं नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे असंच धरा.

जाम इंजिनाला मेहनत कमी, धीर जास्त लागतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओता, काही दिवस मुरू द्या. मग लांब पान्याने क्रँक (पिस्टन हलवणारा इंजिनाचा मुख्य दांडा) हलकेच पुढे-मागे करा. स्टार्टर मारलात तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. सुटलंच नाही, तर दुसरं इंजिन बसवता येतं.

ब्रेकचे होज, टायर आणि शिळं पेट्रोल दोन्हींत बदलावंच लागतं, म्हणून ‘चालू’चा फायदा वाटतो तेवढा नाही.

वेल्डिंग स्वतः सफाईने करत असाल, तरच गंजलेली घ्या. बाकी सगळ्यांनी जाम इंजिनवाली घ्यावी.