कुंडीचं भोक आधी बघा

माझ्याकडे वीतभरही उंच नसलेला मेपलचा एक बोन्साय आहे, सहा वर्षं जपलेला. जपानात राहायला आल्यापासून त्याच्यासाठी हाताने रंगवलेली पोर्सिलेनची कुंडी घ्यायची होती. शेवटी ऑनलाइन लिलावात ४२,००० येनला एक घेतली. ती कुंडी नव्हतीच.

विक्रेत्याने लिहिलं होतं: आजोबांच्या जुन्या घरातली वस्तू, मला यातलं कळत नाही, फोटो बघून ठरवा, परत घेणार नाही. सोबत किरी नावाच्या हलक्या लाकडाची पेटी, झाकणावर क्योटोचे कुंड्या रंगवणारे कलाकार त्सुकिनोवा युसेन यांचं नाव. चित्रांच्या छोट्या कुंड्यांत हे नाव फार मोठं, अस्सल कुंडी लाखो येनला जाते. ४२,००० ला मिळतेय म्हटल्यावरच शंका यायला हवी होती. पण निळ्या डोंगरांचं ते चित्र बघून मी भुललो.

लावणी करण्याआधी ती टोकियोजवळच्या ओमियाच्या बोन्साय गावात एका वयस्कर संग्राहकांना दाखवायला नेली. त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंडी उलटी केली, भोकाच्या कडेवर अंगठा फिरवला, मग माझाही अंगठा तिथे टेकवला. कड खरखरीत, टवके उडालेली. भाजण्याआधी ओल्या मातीत पाडलेल्या भोकाची कड गुळगुळीत लागते. हे नंतर ड्रिलने पाडलेलं होतं. आतून सगळं चकचकीत, बोन्सायची कुंडी मात्र आतून बहुधा बिनझिलईची ठेवतात. खालची गोल कडी अखंड, पाणी बाहेर जायला खाच नाही. साके म्हणजे तांदळाची दारू प्यायचा पेला होता तो.

मग त्यांनी दहापट भिंग दिलं. डोंगर म्हणजे वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके. कुंचल्याने काढलेल्या रेषेत निळा रंग कुठे साचतो, कुठे विरतो. इथे डेकल, म्हणजे छापील चित्र, चिकटवून भाजलेलं. पेटी जुनी, पण दुसऱ्याच कशाची तरी. अशा पेटीला ‘आवासेबाको’ म्हणतात. आत पेला खुळखुळत होता, तेही मला पहिल्या दिवशीच जाणवलं होतं, आणि मी मनावर घेतलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

तक्रार केली, तर ‘परत घेणार नाही’ असं लिहिलंच होतं, एवढंच उत्तर आलं.

कुणी अशी कुंडी घेत असाल तर पैसे भरण्याआधी तीन फोटो मागाच: आतला भाग, भोक अगदी जवळून, आणि कुंडी पेटीत ठेवलेली. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. त्याच विक्रेत्याने काल आणखी एक लिलावात लावली आहे. आजोबांचं तेच घर, तशीच पेटी, आणि तळाच्या फोटोत कलाकाराचा शिक्का मधोमध, भोक अर्धं चौकटीबाहेर.