४३ इंची टीव्ही, आठ महिन्यांनंतर: बिघाड चित्रपटांत होता की पडद्यात?

गेल्या महिन्यात आमचा टीव्ही एकोणीस दिवस बंद होता आणि त्या एकोणीस दिवसांनी माझे एक जुने, ठाम मत निम्म्याने मागे घ्यायला लावले, म्हणून हा अनुभव लिहितो आहे. टीव्ही ४३ इंची, फोर-के, मधल्या किमतीचा. गेल्या ऑगस्टमध्ये ३१,५०० रुपयांना घेतला. पॅनेल, पोर्ट, मेमरी वगैरे तपशील सर्वत्र मिळतात, त्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही.

माझे मत असे होते की चित्रपट आणि मालिका या दोन्हींचा दर्जा गेल्या पंधरा-वीस वर्षांत घसरला आहे. नवा टीव्ही आल्यावर हे मत अधिकच पक्के झाले. कोणताही अलीकडचा चित्रपट लावला की तो चित्रपट वाटतच नसे. माणसे रंगभूषा करून उभी आहेत, भिंती प्लायवुडच्या आहेत आणि प्रकाश स्टुडिओच्या छतावरून पडतो आहे, असे सतत जाणवत राही. चांगल्या परीक्षणांमुळे ऑक्टोबरमध्ये लावलेला एक मराठी चित्रपट मी अर्ध्यावर बंद केला आणि ‘डिजिटल कॅमेऱ्याने चित्रपटाची मालिका करून टाकली’ असे दोन-तीन मित्रांना आवर्जून सांगितले. वडिलांची तक्रार वेगळी होती. ते ७८ वर्षांचे आहेत, कानांनी ठीक आहेत, पण ‘हल्लीच्या नटांना शब्द नीट उच्चारताच येत नाहीत, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात,’ असे ते दर रविवारी म्हणत. मीही होकार देत असे.

मार्चच्या सुरुवातीला पडद्याच्या उजव्या कडेला एक उभी हिरवी रेघ दिसू लागली आणि दोन दिवसांनी चित्रच गेले, आवाज तेवढा उरला. तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी तंत्रज्ञ आला, फोटो काढून गेला आणि त्यानंतर ‘सुटा भाग मागवला आहे’ हे एकच उत्तर मिळत राहिले. दरम्यान माझी तक्रार परस्पर ‘निकाली’ दाखवून बंद करण्यात आली होती. ती पुन्हा उघडून घेण्यासाठी मला खरेदीची पावती तीन वेळा पाठवावी लागली. वॉरंटीच्या काळातही ग्राहकाला असे झगडावे लागणे मला अन्यायाचे वाटते आणि सेवेसाठी मी एकही तारा देणार नाही.

टीव्हीशिवाय वडिलांचा दिवस जात नसल्याने मी पोटमाळ्यावरचा २१ इंची डबा टीव्ही खाली काढला, सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना त्याला जोडल्या आणि जुना डीव्हीडी प्लेअरही लावला. शेजाऱ्यांकडून आणलेल्या डीव्हीडींमध्ये नेमका तो अर्ध्यावर सोडलेला चित्रपट होता. दुसरे काही नसल्यामुळे तो लावला, आणि शेवटपर्यंत बसून राहिलो. तीच माणसे, त्याच भिंती, तोच प्रकाश, पण आता ते एक घर होते आणि त्यात माणसे राहत होती. तपशील कमी दिसत होता, रंग फिके होते, तरी चित्रपट पुन्हा चित्रपट झाला होता. चित्रपट तोच असेल, तर बिघाड त्याच्यात असू शकत नव्हता.

याचे कारण शोधण्यात माझे पुढचे कितीतरी दिवस गेले आणि या टीव्हीविषयी मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे एकामागोमाग टिपलेल्या २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. बोलपट आल्यापासून हा वेग ठरून गेला आहे. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीत मात्र सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी येत, म्हणून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या बातम्या, स्टुडिओतली नाटके, मालिका आणि क्रिकेट यांतली हालचाल अधिक गुळगुळीत दिसे. ही हालचाल असेल तर कार्यक्रम टीव्हीचा आणि ती नसेल तर चित्रपट, हा फरक आपल्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे नकळत शिकून ठेवला आहे. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती चित्रपटाच्या दोन चौकटींच्या मध्ये स्वतः हिशेब करून तयार केलेल्या चौकटी घालते. त्या चौकटी छायालेखकाने टिपलेल्या नसतात, दिग्दर्शकाने पाहिलेल्या नसतात आणि त्यांच्यामुळे उत्तम चित्रपटही मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय निरुपयोगी आहे असे नाही. एलसीडी पडदा प्रत्येक चौकट पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवत असल्याने वेगवान हालचाल पुसट दिसते, आणि क्रिकेटचा चेंडू पाहताना ही सोय खरोखर कामाला येते. पण आमच्या टीव्हीवर ती कारखान्यातूनच, सगळ्यासाठी, चालू ठेवलेली होती.

याविरुद्ध आवाज उठवणारे लोक लहान नाहीत, हे कळल्यावर मला धीर आला. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये एक चित्रफीत प्रसृत करून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती. २०१९ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. त्यात ही सोय बंद राहते आणि चित्राच्या रुंदी-उंचीचे मूळ प्रमाणही बदलले जात नाही. आमच्या टीव्हीत हा मोड नाही. ‘सिनेमा’ नावाचा आहे, परंतु त्यातही हालचालीची सोय चालूच असते. ती प्रगत सेटिंगमध्ये चार पायऱ्या उतरून बंद करावी लागते आणि प्रत्येक जोडणीसाठी वेगळी करावी लागते. याचा मला राग आहे. सात महिने मी ज्या कलाकारांच्या कामाला हिणकस म्हणत होतो, त्यांचे काम मी पाहिलेच नव्हते.

प्रमाणाची गोष्टही याच जातीची आहे. जुने चित्रपट आणि दूरदर्शनचे कार्यक्रम ४:३ या जवळजवळ चौकोनी आकारात आहेत. आमचा टीव्ही ते १६:९ मध्ये ताणून दाखवत होता, त्यामुळे चेहरे रुंद आणि माणसे बुटकी दिसत. म्हणजे नवे चित्रपट मालिकेसारखे आणि जुने विद्रूप, अशी दोन्हीकडून हानी चालली होती.

वडिलांच्या तक्रारीचे उत्तरही निम्मे यंत्रातच सापडले. या सपाट टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले आहेत आणि चित्रपटगृहासाठी सहा वाहिन्यांत मिसळलेला आवाज त्या दोन छोट्या स्पीकरांत कोंबला जातो; मग पार्श्वसंगीत वर येते आणि बोलणे बुडते. एका दुकानदाराने मला सहा हजारांचा साउंडबार सुचवला होता. तो न घेता मी ध्वनीचे सेटिंग साध्या स्टिरिओवर आणले, संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू केला, आणि पैसे वाचले. मात्र उरलेले निम्मे कारण चित्रपट बनवण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी आपल्याकडे बहुतेक चित्रपटांचे संवाद नंतर ध्वनिमुद्रणगृहात, मायक्रोफोनसमोर उभे राहून पुन्हा बोलले जात, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा ऐकू येई. २००१ च्या ‘लगान’नंतर चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपण्याची पद्धत आपल्याकडे वाढली. त्यात माणूस जसा बोलतो तसाच ऐकू येतो, पुटपुटतो तेव्हा पुटपुटणेच येते. ही मला घसरण वाटत नाही; ती अभिनयातली प्रगती आहे, पण ती ऐकायला बरे स्पीकर लागतात.

येथपर्यंत आल्यावर ‘काहीच घसरलेले नाही’ असे लिहायला मी तयार झालो होतो. परंतु डब्या टीव्हीवरच वडिलांबरोबर रोज रात्री मालिका पाहत होतो आणि तिथे मत पुन्हा बदलावे लागले. या टीव्हीत कृत्रिम चौकटी नव्हत्या, प्रमाण बरोबर होते, आवाज समोरून येत होता. तरीही मालिका तितकीच पोकळ होती. एका रात्री मी घड्याळ लावून २२ मिनिटांचा भाग मोजला. मागच्या भागाची उजळणी आणि शीर्षकगीत यांत तीन मिनिटे गेली, एकाच वाक्यावर पाच जणांचे चेहरे आळीपाळीने दाखवण्यात साडेचार मिनिटे, उद्याच्या भागाची झलक एक मिनिट. कथा पुढे सरकली असे प्रामाणिकपणे म्हणता येईल असा वेळ पाच मिनिटांहून अधिक भरला नाही. वडील मुंबई दूरदर्शनवर आठवड्याला एकदा येणाऱ्या ‘चिमणराव’ची आठवण काढतात. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या त्या कामामागे चिं. वि. जोशी यांच्या कथा होत्या आणि लेखनाला पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ होता. त्या काळचे सारेच असे नव्हते. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि आपल्या स्मरणात मुख्यतः चांगलेच उरले आहे.

तरीही फरक खरा आहे, आणि त्याचे कारण माणसांची पात्रता नसून वेळापत्रक आहे. १३ भागांची साप्ताहिक मालिका तीन महिन्यांत संपत असे. आठवड्याला सहा भाग दाखवणाऱ्या मालिकेला वर्षाला ३१२ भाग लागतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा थोड्याच दिवसांत वाहिन्यांना जुने भाग पुन्हा दाखवावे लागले, यावरून ही मंडळी किती आयत्या वेळी काम करतात हे दिसते. आज लिहायचे, उद्या चित्रित करायचे आणि दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येवर कथा वळवायची, यात उत्तम लेखकही थकेल. हेच नट नाटकात आणि चित्रपटात पाहिले की त्यांची उंची कळते.

चित्रपटांविषयी मात्र मी चुकत होतो आणि ते मान्य करायला पुरावाही आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला पहिल्यांदा ‘श्यामची आई’ने १९५४ मध्ये मिळवून दिले, दुसऱ्यांदा ‘श्वास’ने २००४ मध्ये, मध्ये पन्नास वर्षे गेली. त्यानंतर ‘देऊळ’ला ते ब्यारी भाषेतल्या एका चित्रपटासह विभागून मिळाले, आणि पुढे ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांना मिळाले. ज्या काळाला मी घसरणीचा म्हणत होतो, तोच हा काळ आहे.

विसाव्या दिवशी मदरबोर्ड बदलून टीव्ही परत सुरू झाला आणि सगळी सेटिंग पुन्हा कारखान्यासारखी झाली. तंत्रज्ञ चांगला माणूस होता, पण ‘हे असेच ठेवा, चित्र छान उठून दिसते,’ असे तो म्हणाला. तो गेल्यावर मी प्रत्येक जोडणीसाठी हालचालीची सोय बंद केली आणि सेटिंगच्या पायऱ्या एका कागदावर लिहून रिमोटच्या डब्यात ठेवल्या. चित्रासाठी मी आता चार तारे देईन. आठवड्यापूर्वी दोनच दिले असते. वाढीव वॉरंटीचे २,८९९ रुपये भरणार नाही. त्या सेवेवर माझा विश्वास उरलेला नाही. डब्या टीव्हीला भंगारवाला दीडशे रुपये देत होता, तो मी दिला नाही. रविवारी वडिलांसाठी जुना चित्रपट मूळ प्रमाणात लावतो. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कशाला, असे त्यांनी एकदाच विचारले. आता पाहुण्यांपैकी कोणी चित्र पडदाभर ताणले, तर ते स्वतः रिमोट मागून घेतात आणि पट्ट्या परत आणतात.