न उगवलेल्या दाढेत पोखरण: थांबायचं, उघडून भरायचं की काढायचं?

ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला जातो भलत्याच कारणासाठी, आणि हिरडीखालच्या, अजून न आलेल्या दाढेच्या माथ्यात काळा डाग दिसतो. तोंडात न आलेल्या दाताला कीड कशी लागली, असं पालक विचारतात. ती कीड नसते, कारण हाडात बंद असलेल्या दातापर्यंत तोंडातले जंतू पोचत नाहीत. सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं: दाताभोवतीच्या ऊतींमधल्या, हाड विरघळवणाऱ्या पेशी एनॅमलच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण थराच्या) फटीतून किंवा खाचेतून आत शिरतात आणि एनॅमलच्या लगेच खालचं डेन्टिन (दाताचा आतला थर) खाऊ लागतात. याला रिसॉर्प्शन म्हणतात. बहुतेक मुलांत एकच दात सापडतो, बहुधा दाढ किंवा उपदाढ (दाढांच्या पुढची लहान दाढ). वाकड्या किंवा जागा सोडून बसलेल्या दातांत हे जास्त आढळतं. दुखत काहीच नाही, त्यामुळे घाई नाही असं वाटतं.

निर्णयाआधी निदान पक्कं करा. ओपीजीत सावल्या एकमेकींवर पडतात, म्हणून त्याच जागेचा छोटा एक्स-रे किंवा बाईटविंग (वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकत्र दाखवणारा एक्स-रे) हवा. खरा डाग एनॅमल आणि डेन्टिनच्या सीमेला चिकटून, डेन्टिनच्या बाजूला असतो. मग खोली पाहायची: डेन्टिनच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत, दोन तृतीयांशापर्यंत, की त्याही पलीकडे, म्हणजे पल्पजवळ (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याजवळ). सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) सरसकट नको. शस्त्रक्रिया ठरत असेल किंवा पल्पपासूनच्या अंतरावर निर्णय अडला असेल, तरच त्याचं रेडिएशन पत्करावं.

आता पर्याय. आमच्या मते डागाच्या आकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की आधी काय होणार, दात बाहेर येणार की पोखरण पल्पपर्यंत पोचणार? दात साधारणपणे मूळ दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश तयार झालं की हिरडीतून वर येतो, त्यामुळे एक्स-रेवर मुळाची लांबी पाहून उरलेल्या काळाचा अंदाज बांधता येतो.

थांबून लक्ष ठेवणं हे लहान डागासाठी, न वाढणाऱ्या डागासाठी, किंवा दात लवकरच येणार असेल तेव्हा योग्य. काही डाग वर्षानुवर्षं तेवढेच राहतात, काही वाढत जातात, आणि एकाच एक्स-रेवरून कोणता कुठल्या प्रकारचा हे सांगता येत नाही. म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, तोही फिल्म होल्डर वापरून आधीच्याच कोनात. कोन बदलला तर डाग मोठा-लहान दिसतो आणि तुलनाच फसते.

या मार्गात गाडी अडते ती दात आल्यावर. वरचं एनॅमल शाबूत, दाढ छान दिसते, पण आतल्या पोकळीवर चावण्याचा जोर येतो. कवच खचतं किंवा एनॅमलमधल्या आधीच्याच फटीतून जंतू आत जातात, आणि डेन्टिन आधीच गेलेलं असल्यामुळे पल्पपर्यंतचं अंतर फार थोडं उरतं. म्हणून दाताचं टोक दिसताच दाखवायला न्यायचं, ‘पूर्ण येऊ दे’ म्हणायचं नाही. हिरडीचा पडदा अजून वर असेल तर तो बाजूला करून ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) भरता येतं आणि दाढ कोरडी ठेवता येऊ लागली की कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण). नुसता सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) लावून आतली पोकळी तशीच झाकणं आम्हाला पटत नाही. पल्प उघडाच पडला तर कोवळ्या दातात थेट रूट कॅनॉल नको. एमटीए किंवा तत्सम सिमेंट वापरून उरलेला पल्प जिवंत ठेवला तर अर्धवट मूळ पूर्ण होऊ शकतं.

शस्त्रक्रियेने उघडून भरणं तेव्हा, जेव्हा दोन एक्स-रेंत वाढ स्पष्ट आहे किंवा डाग खोल आहे, आणि दात यायला अजून बराच अवकाश आहे. भूल, हिरडी उचलणं, माथ्यावरचं लागेल तेवढंच हाड काढणं, छोट्या बरने (ड्रिलच्या टोकाने) एनॅमल उघडणं, आतली मऊ ऊती चमच्यासारख्या हत्याराने खरवडणं, सलाइनने धुणं, पल्पजवळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीएचा थर, वर ग्लास आयोनोमर, मग टाके. इथे कॉम्पोझिट बहुधा फसतं, कारण रक्त आणि ओलावा थांबवणं अवघड. ग्लास आयोनोमर ओलावा जरा तरी सोसतं. ऊतीचा तुकडा आत राहिला तर पोखरण सुरूच राहू शकते. लहान मुलाला यासाठी बऱ्याचदा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि या पर्यायाचं खरं ओझं तेच.

दाढांना हे जमतं, उपदाढेला गुंता होतो: वर दुधाची दाढ बसलेली असते. पण उपदाढेचं मूळ निम्म्याहून जास्त झालं असेल तर नुसती दुधाची दाढ काढली तरी खालचा दात लवकर वर येतो, आणि मग तो तोंडात नेहमीसारखा भरता येतो. त्याआधीच काढली तर उलट उशीर होतो आणि जागा राखायला स्पेस मेंटेनर लागतो.

काढून टाकणं अक्कलदाढेत सर्वांत सोपा निर्णय. बाकी दातांत ते माथा जवळजवळ पोकळ झाला असेल तरच. पहिली कायमची दाढ वाचण्यासारखी नसली तरी ती लगेच काढू नका: तात्पुरती भरून साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापर्यंत टिकवली, तर दुसरी दाढ पुढे सरकून ती जागा भरण्याची शक्यता चांगली असते. खालच्या जबड्यात ही वेळ जास्त काटेकोरपणे साधावी लागते, त्यामुळे दाढ काढण्याची तारीख ठरवण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ रांगेत आणणाऱ्या तज्ज्ञाला) एक्स-रे दाखवा.